हौशी कॅमेरा : मागचे पुसावे की ठेवावे?

वाचकहो, एरवी या सदराला पान-सव्वा पान जागा मिळते, त्यात फार तर एखादी युक्ती सांगून होते. दिवाळी अंकात मात्र हातपाय पसरायला मोकळीक असते. म्हणून वर्षभर आलेल्या पत्रांतला एक प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. पुष्कळांनी तो निरनिराळ्या तऱ्हेने विचारला आहे. एका भगिनी लिहितात : "लग्नाच्या आल्बममध्ये नवरी तेवढी लख्ख दिसते आणि मागचा मांडव सायीसारखा मऊ होऊन जातो. आमच्या फोटोत मात्र नवरीच्या डोक्यामागे पंखा, फ्यूजची पेटी आणि जेवणाला ताटकळलेले पाहुणे, सगळे जसेच्या तसे. असे का?" दुसऱ्या एका गृहस्थांची तक्रार नेमकी उलट : "नव्या लेन्सने आईचा फोटो काढला. डोळे स्वच्छ आले, कान मात्र धूसर. लेन्स सदोष तर नाही?"

लेन्स सदोष नाही, आणि भगिनींचा कॅमेराही नाही. दोघांचा प्रश्न एकच आहे. भगिनींना जे हवे ते त्या गृहस्थांना नको असताना मिळाले, एवढेच.

आधी एक प्रयोग करू. त्याला कॅमेरा लागत नाही. घरात ज्यांना लांबचे दिसण्यासाठी चष्मा आहे त्यांनी तो काढून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहावे. आकडे विरघळलेले दिसतील. आता एका जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा, तो कागद डोळ्याशी धरा आणि त्या भोकातून तेच कॅलेंडर पाहा. उजेड कमी वाटेल, पण आकडे वाचता येतील. चष्म्याचे काम टाचणीने केले! आमची आजी सुईत दोरा ओवताना डोळे किलकिले करी, तेही याच कारणाने. तिने प्रकाशशास्त्र वाचले नव्हते, पण वाट अरुंद केली की दिसणे सुधारते हे तिच्या डोळ्यांना ठाऊक होते.

याचे कारण असे. दूरच्या पणतीचा एखादा ठिपका घ्या. त्याच्यापासून निघालेला प्रकाश भिंगाच्या सबंध तोंडातून आत शिरतो आणि नरसाळ्यासारखा निमुळता होत एका टोकाशी येतो. फिल्म, किंवा हल्लीचा सेन्सर, बरोबर त्या टोकाशी असला तर ठिपक्याचा ठिपकाच उमटतो. टोक थोडे अलीकडे किंवा पलीकडे पडले की ठिपक्याची चकती होते, आणि अशा असंख्य चकत्या एकमेकींवर पडल्या की चित्र धूसर दिसते. नरसाळे रुंद तोंडाचे असेल तर टोक जरासे चुकताच चकती मोठी होते. तोंड अरुंद असेल तर बरेच चुकले तरी चकती लहानच राहते. एका मर्यादेपर्यंत लहान चकतीला आपला डोळा ठिपकाच समजतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीसाठी ही मर्यादा ०.०३ मिलिमीटर धरण्याचा प्रघात आहे.

म्हणजे खरे पाहता फोकस एकाच अंतरावर असतो, आणि त्याच्या पुढे-मागे आपला डोळा चालवून घेतो असा एक पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या जाडीला कॅमेऱ्याच्या भाषेत 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. मी त्याला नुसता पट्टा म्हणेन. कधी तो चिरोट्याच्या पापुद्र्याइतका पातळ असतो, कधी अंगणापासून क्षितिजापर्यंत पोहोचतो.

नरसाळ्याचे तोंड लहानमोठे करण्याची सोय म्हणजे अॅपर्चर. त्याच्या आकड्यांनी नवशिक्यांचा फार गोंधळ होतो, कारण आकडा मोठा तर छिद्र लहान. हे आकडे भागाकाराचे आहेत. लाडू दोघांत वाटला तर अर्धा वाट्याला येतो, सोळा जणांत वाटला तर चिमूट येते, तसेच हे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २ म्हणजे ५० भागिले २, अर्थात २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र. एफ १६ म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी ही शिडी असते आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

आता हिशेब पाहा. ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि माणूस दोन मीटरवर. एफ २ वर पट्टा सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. एफ ८ वर तो ८० सेंटिमीटर होतो आणि एफ १६ वर पावणेदोन मीटरच्या पुढे जातो. तीच लेन्स एफ १.८ वर ठेवून एका मीटरवरचा चेहरा टिपला तर पट्टा चार सेंटिमीटरांच्या आसपास. माणसाच्या डोळ्यापासून कानापर्यंत यापेक्षा जास्त अंतर असते. पत्र पाठवणाऱ्या गृहस्थांच्या मातोश्रींचे कान कुठे गेले ते कळले ना? त्यांनी एफ ४ किंवा ५.६ वर जाऊन दोन पावले मागे सरकावे. अंतराचा प्रभाव छिद्राहूनही मोठा असतो : अंतर निम्मे केले की पट्टा जवळजवळ चौथाईवर येतो.

भगिनींना उलट करायचे आहे. छिद्र उघडायचे, नवरीच्या जवळ जायचे, आणि मुख्य म्हणजे नवरीला भिंतीपासून लांब आणायचे. ही तिसरी गोष्ट कोणीच करत नाही. भिंतीला टेकवून उभी केलेली नवरी कितीही महाग लेन्सने टिपली तरी भिंतीवरची पाटी वाचता येणारच. दहा-पंधरा फूट पुढे आणा, पाटी विरघळेल. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८ ते ५५ ची साधी झूम असेल तर ५५ वर न्या आणि जवळ जा. लांब पल्ल्याची लेन्स पट्टा पातळ करते असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. चेहरा चौकटीत तेवढ्याच आकाराचा ठेवला आणि अॅपर्चरचा आकडाही तोच असला तर पट्टा जवळपास तेवढाच राहतो. पण लांब लेन्स मागचा थोडाच भाग घेऊन मोठा करून दाखवते आणि त्यामुळे त्याचे धूसरपण अधिक भासते.

इथवरचे सगळे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पुढचे मला फार उशिरा कळले, आणि त्याची किंमत मोजावी लागली.

२०१९ सालची भाऊबीज. आमचे अण्णा तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आणि आत्या चौऱ्याऐंशीची. पुतणीने नवीच ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स आणली होती. ती मी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. एवढी वर्षे लोकांना शिकवतोय, नवे खेळणे मला नको का? अण्णा पाटावर बसले होते, समोर आत्या तबक घेऊन. मी आत्याच्या खांद्यामागून कॅमेरा धरला. वाटले, तबकातल्या निरांजनाचा उजेड अण्णांच्या चेहऱ्यावर पडतोय, मागे आकाशकंदील आहे, चित्र झकास येईल. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते झकास दिसलेही. तो पडदा तीन इंचांचा असतो. त्यावर सगळेच झकास दिसते.

रात्री संगणकावर मोठे करून पाहिले. निरांजनाची ज्योत अशी काही आली होती की तिच्या वातीचा पीळ मोजून घ्यावा. तबकातली सुपारी, अंगठी, अक्षतांचा दाणा न् दाणा स्वच्छ. आणि त्यापलीकडे दीड फुटावर अण्णांचा चेहरा म्हणजे एक सोनेरी धुके. कॅमेऱ्याने सर्वांत ठळक गोष्ट पकडली, ती ज्योत. ज्योत माझ्यापासून चार फुटांवर होती, आणि त्या अंतरावर एफ १.८ चा पट्टा सहा सेंटिमीटर. ओवाळणे झाले होते, अण्णा आडवे झाले होते. म्हटले, पुढच्या वर्षी नीट काढू. अण्णा पुढच्या आषाढात गेले.

मी मनाशी तो प्रसंग किती वेळा मांडला असेल कोण जाणे. पहिला विचार येतो तो एफ ८ चा. पण एफ १.८ पासून एफ ८ पर्यंत गेलो की प्रकाश सुमारे वीसपट कमी. संध्याकाळी घरातल्या दिव्यांत त्याने काम झाले नसते, किंवा फोटो दाणेदार आला असता. खरे उत्तर कॅमेऱ्यात नव्हतेच. पट्टा हा काचेच्या तावदानासारखा असतो : कॅमेऱ्यासमोर आडवा, लेन्सशी समांतर उभा. त्या तावदानाच्या जाडीत जे जे येईल ते स्पष्ट, मग ते एक मुख असो की दहा. मी खांद्यामागून न पाहता बाजूला जाऊन उभा राहिलो असतो, तर आत्या, निरांजन आणि अण्णा तिघेही माझ्यापासून सारख्या अंतरावर, एकाच तावदानात आले असते. सहा-साडेसहा फुटांवरून एफ १.८ वर सुद्धा पट्टा सात इंचांचा मिळतो. तेवढ्यात दोन चेहरे बाजूने सहज मावतात. छिद्र तेच, उजेड तोच, लेन्स तीच. फक्त मी डावीकडे तीन पावले जायला हवे होते. तिथे चहाच्या कपांचे टेबल होते. ते सरकवायचा मला कंटाळा आला.

म्हणून पंगतीचा, ओवाळणीचा, केळवणाचा फोटो काढताना आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावे. तीन रांगांचा कौटुंबिक फोटो असेल तर फोकस मधल्या रांगेवर ठेवून एफ ८ पर्यंत जावे, दिवसाउजेडी काढावा. पुढे एक तृतीयांश आणि मागे दोन तृतीयांश पट्टा असतो असा एक नियम सांगतात. तो एका विशिष्ट अंतरालाच खरा ठरतो. जवळच्या फोटोत पुढचा-मागचा पट्टा जवळजवळ सारखा असतो. त्या नियमावर विसंबून पहिल्या रांगेवर फोकस केलात तर मागच्या रांगेतले काका रुसतील.

दिव्यांच्या उजेडातल्या चित्राचे वेड माझे एकट्याचे नाही, एवढे समाधान आहे. स्टॅन्ली क्युब्रिक या दिग्दर्शकाने १९७५ सालच्या 'बॅरी लिंडन' चित्रपटात काही दृश्ये निव्वळ मेणबत्त्यांच्या प्रकाशात घेतली. त्यासाठी त्याने त्साइस कंपनीची ५० मिलिमीटरची एफ ०.७ लेन्स वापरली, जी मुळात अमेरिकेच्या 'नासा' संस्थेसाठी तयार झाली होती. पट्टा इतका पातळ की नट जरा पुढे झुकला तरी धूसर व्हायचा. म्हणून बाजूला काटकोनात दुसरा टेलिव्हिजन कॅमेरा लावून नट किती हलतो यावर नजर ठेवावी लागली. त्या दृश्यांत माणसे पुतळ्यासारखी बसलेली दिसतात, त्यात अठराव्या शतकातल्या अदबीइतकाच या लेन्सचाही हात आहे!

आता खिशातल्या फोनविषयी, कारण निम्मी पत्रे त्याच्याबद्दल असतात. फोनच्या लेन्सवरही एफ १.८ असे लिहिलेले असते, मग तिने मागचे धूसर का होत नाही? पुन्हा भागाकार करा. फोनच्या मुख्य लेन्सची खरी लांबी साधारण पाच ते नऊ मिलिमीटर. तिला १.८ ने भागा, छिद्र ज्वारीच्या दाण्याएवढे निघते. ५० च्या लेन्सचे एफ १.८ चे छिद्र २८ मिलिमीटरचे असते, जवळपास रुपयाच्या नाण्याहून मोठे. ज्वारीच्या दाण्यातून आलेले नरसाळे अरुंदच असणार. म्हणून फोन सगळे स्पष्ट दाखवतो, आणि मागचे धूसर करण्याचे काम हिशेबाने उरकतो. २०१६ सालापासून हा 'पोर्ट्रेट'चा प्रकार घरोघर पोहोचला. फोनची दोन भिंगे आपल्या दोन डोळ्यांसारखी जराशा वेगळ्या जागांवरून पाहतात. जवळच्या वस्तू दोन्ही चित्रांत जास्त सरकतात, लांबच्या कमी, त्यावरून काय जवळ आणि काय लांब हे फोन ठरवतो. काही फोन एकाच भिंगावर आणि शिकवलेल्या प्रोग्रॅमवर हा अंदाज बांधतात. मग माणसाची कड कापून मागच्यावर बोळा फिरवायचा. फसगत होते ती कडेला. सुटे केस, चष्म्याची काडी, नथीचा मोती, झुमक्याची कडी यांपैकी काहीतरी बिचारे मागच्या धुक्यात जाते. एका वाचिकेच्या मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोत नथीचा अर्धा आकडाच उरला होता. यावर उपाय म्हणजे मागे साधी भिंत किंवा पडदा ठेवणे, आणि फोन मूळ फोटो राखत असेल तर तो पुसू न देणे. आणि फोनवरही खरे धूसरपण हवे असेल तर साध्या मोडवर पणतीच्या अर्ध्या फुटावर जा. अंतराची करामत तिथेही चालते.

मागच्या दिव्यांच्या ज्या गोल चकत्या होतात त्यांना हल्ली सगळे 'बोके' म्हणतात. शब्द जपानी आहे, १९९७ साली एका अमेरिकन छायाचित्रण मासिकाने तो इंग्रजीत रूढ केला. आमच्या नातवाने "आजोबा, बोके छान आलेत" म्हटल्यावर त्याची आजी दुधाचे पातेले झाकायला उठली होती. माळ पंधरा-वीस फूट मागे, माणूस तीन-चार फुटांवर आणि छिद्र पूर्ण उघडे, म्हणजे बोके गरगरीत येतात. छिद्र दोन-तीन पायऱ्या मिटले की पात्यांच्या संख्येप्रमाणे त्यांचे षट्कोन किंवा सप्तकोन होतात. चौकटीच्या कडेला लेन्सची नळी प्रकाशाचा काही भाग अडवते, म्हणून तिथले बोके लांबट दिसतात, हुबेहूब मांजराच्या डोळ्यांसारखे. नाव अगदीच चुकलेले नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर मी माझ्याच शिकवणीविरुद्ध एक गोष्ट बोलणार आहे. मागचे पुसायची एवढी घाई कशाला?

आमच्याकडे अण्णांनीच १९६७ च्या दिवाळीत काढलेला एक फोटो आहे. कॅमेरा आगफाचा क्लिक थ्री, एका रिळात बारा फोटो. त्यात फोकस करण्याची सोयच नव्हती. छिद्र बारीक, आठ-दहा फुटांपलीकडचे सगळे कमीजास्त स्पष्ट. फोटो आम्हा भावंडांचा आहे, नव्या कपड्यांत, वाड्याच्या चौकात. पण आता आम्ही एकत्र जमलो की आमच्याकडे कोणी पाहत नाही. पाहतात ते मागे. तुळशीवृंदावनाचा उडालेला पोपडा. अंघोळीच्या पाण्याचा बंब आणि त्याचा धूर. दोरीवर आईचे नऊवारी. वरच्या मजल्याच्या गजांतून डोकावणारा एक चेहरा, तो कोणाचा यावर दर दिवाळीला वाद होतो. १९८९ साली वाडा पाडला, तिथे आता सहा मजली इमारत आहे. त्या चौकाचा दुसरा फोटो नाही. अण्णांच्या हाती आजची लेन्स असती तर आमची चार गोंडस तोंडे राहिली असती आणि वाडा सायीत बुडाला असता.

ऑर्सन वेल्सच्या १९४१ सालच्या 'सिटिझन केन' चित्रपटात एक दृश्य आहे. पुढे टेबलाशी आई मुलाला दुसऱ्याच्या हवाली करण्याच्या कागदांवर सही करते आहे, आणि पार मागे खिडकीतून बर्फात खेळणारा तो मुलगा दिसतो. त्याला काहीच ठाऊक नाही. छायाचित्रकार ग्रेग टोलंड याने पुढचे-मागचे दोन्ही लख्ख ठेवले. खिडकी धूसर असती तर दृश्यात नुसती सही उरली असती.

तेव्हा मी हल्ली घरातल्या प्रत्येक फोटोचे दोन काढतो. एक उघड्या छिद्राने, चेहऱ्यासाठी. दुसरा एफ ८ वर, स्वयंपाकघर, फडताळ, कॅलेंडर, कपबशांचे टेबल, सगळ्यासकट. सूनबाई म्हणतात, पसारा कशाला काढता? पसाराच तर काढायचा आहे.

अण्णा गेल्यापासून आत्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात, तशी. द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला दिसते. आमच्या गच्चीवरून अजून दिसते, कारण त्या बाजूला नवी इमारत उठलेली नाही. या वर्षी तो फोटो काढायचा बेत आहे, आणि तो या विद्येतला सर्वांत अवघड फोटो आहे : एक जण हाताच्या अंतरावर, दुसरा जवळजवळ चार लाख किलोमीटरवर. पण हिशेब बसतो. ५० ची लेन्स, एफ १६, फोकस सव्वापाच मीटरवर, की सुमारे २.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पट्ट्यात येते. आत्याला माझ्यापासून दहा फुटांवर उभे करायचे. माझ्याकडे पाठ नाही, बाजू, म्हणजे चेहरा दिसेल. कोर मोठ्या छापील फोटोतही बाजरीच्या दाण्याहून मोठी येणार नाही, पण ती कोरच असेल, धुक्याचा गोळा नव्हे.

अडचण उजेडाची. संधिप्रकाशात एफ १६ वर सेन्सरची संवेदनशीलता ८०० ठेवली तरी सुमारे तृतीयांश सेकंद लागेल. कॅमेरा तिवईवर ठेवीन, पण आत्याला तेवढा वेळ तबक अगदी स्थिर धरावे लागेल. गेल्या रविवारी गच्चीवर रंगीत तालीम घेतली. आत्या आता नव्वदीची आहे. तिने रिकामे तबक धरले, मी तिला हलू नको म्हणून दोनदा बजावले.

"अरे, ओवाळायचं म्हणजे तबक फिरवायचंच ना?" ती म्हणाली. "तू आधी तुझा तो फोटो काढून घे. मग मी ओवाळीन. आणि ते कपांचं टेबल आधीच हलवून ठेव."